ठरावात सर्व्हे नंबर लिहिला का?

रविवारची ग्रामसभा. फोंडा तालुक्यातल्या आमच्या पंचायतीचा हॉल लहान, त्यामुळे निम्मे लोक आत आणि निम्मे बाहेर आंब्याखाली. विषय एकच होता: गावाच्या वरच्या अंगाला डोंगर कापायला जेसीबी लागला होता. तासभर आवाज चढले, पंचांचा उद्धार झाला, एकाने माईकच ओढून घेतला. शेवटी ठराव झाला, ‘डोंगरकापणीस ग्रामसभेचा तीव्र विरोध आहे.’ टाळ्या पडल्या आणि लोक उठायला लागले.

तेवढ्यात मागच्या रांगेतले एक निवृत्त शिक्षक उभे राहिले. ‘‘सेक्रेटरीबाब, जरा थांबा. ठरावात सर्व्हे नंबर लिहिला का?’’

नव्हता लिहिला. कुठला डोंगर, कापणी कधी सुरू झाली, कुणी परवानगी दाखवली का, ठरावाची प्रत कुणाला जाणार, यातलं काहीच वहीत नव्हतं. सरांनी शर्टाच्या खिशातून एक-चौदाच्या उताऱ्याची (गोव्याचा सातबारा) घडी काढली आणि ठराव नव्याने सांगायला घेतला. अमुक सर्व्हे नंबर, अमुक उपविभाग. या जागी नगरनियोजन कायद्याच्या कलम १७ अ खालची परवानगी पंचायतीला दाखवण्यात आलेली नाही. मुख्य नगरनियोजकांनी स्थळपाहणी करून लेखी कळवावं. प्रत उपजिल्हाधिकाऱ्यांना आणि मामलेदारांना. या दुसऱ्या ठरावात ‘तीव्र’ हा शब्द कुठेच नव्हता. टाळ्याही कुणी वाजवल्या नाहीत, कारण अर्धे लोक तोवर चहाला गेले होते.

कलम १७ अ म्हणजे काय, तर गोव्यात उताराची जमीन कापायची किंवा सखल जमीन भरायची तर आधी मुख्य नगरनियोजकांची लेखी परवानगी लागते. पहिला ठराव एखाद्या अधिकाऱ्याच्या टेबलावर गेला असता, तर त्याने वाचून बाजूला ठेवला असता. त्याला काय करायचं हेच त्यात सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या ठरावाला उत्तर देणं भाग होतं.

समाजात बदल घडवू पाहणारी माणसं सरकारी धोरणावर प्रभाव टाकतात म्हणजे नेमकं काय करतात, असं मला कुणी विचारलं की मी हा प्रसंग सांगतो. मोर्चे, घोषणा, टीव्हीवरच्या मुलाखती आपल्याला दिसतात. लोकांचा राग सरकारी फाईलला समजेल अशा भाषेत उतरवण्याचं काम दिसत नाही, आणि बहुतेक वेळ त्यातच जातो.

मुळात धोरण हा एक कागद नसतो. वर विधानसभेने केलेला कायदा असतो. त्याखाली खात्याने केलेले नियम. त्याखाली राजपत्रात छापलेल्या अधिसूचना, मग परिपत्रकं, मग अर्थसंकल्पातली तरतूद, आणि सगळ्यात तळाला तो नियम लावणारा किंवा न लावणारा कारकून, तलाठी, निरीक्षक. प्रत्येक थराचा दरवाजा वेगळा. कायदा बदलायचा तर आमदार लागतात, अधिसूचनेवर हरकत घ्यायची तर मुदतीच्या आत अर्ज लागतो, नियम कायद्याच्या बाहेर गेला असेल तर कोर्ट लागतं. चुकीच्या दरवाजावर कितीही जोरात ठोकलं तरी आतून कुणी येत नाही. पणजीच्या आझाद मैदानावर हजार माणसं जमवायची आणि ज्या अधिसूचनेविरुद्ध जमवली तिची हरकतींची मुदत आदल्या आठवड्यातच संपलेली असायची, असे प्रकार आपल्याकडे झाले आहेत.

गोव्यात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते जमिनीच्या बाबतीत. नगरनियोजन कायदा १९७४चा. त्याखाली प्रादेशिक आराखडा बनतो, म्हणजे राज्याच्या नकाशावर कुठे शेती, कुठे बाग, कुठे जंगल आणि कुठे घरबांधणी हे रंगांनी ठरतं. ऑगस्ट २००६ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला, तेव्हा बहुतेक गोंयकारांना तो काय आहे याचा पत्ताही नव्हता. डिसेंबरात डॉ. ऑस्कर रिबेलो यांच्या नेतृत्वाखाली गोवा बचाव अभियान उभं राहिलं. डॉक्टर, वास्तुविशारद, वकील, शिक्षक, गावागावातले कार्यकर्ते असा तो मेळ होता. आराखडा वाईट आहे असं नुसतं भाषणात सांगून ते थांबले नाहीत. त्यांनी नकाशे लोकांपुढे पसरले. आपली शेतं, आपला डोंगर, आपली तळी ओळखायची आणि त्यावर कुठला रंग चढलाय ते बघायचं. माणसाला ‘पर्यावरणाचा ऱ्हास’ म्हटलं की झोप येते. पण वडिलांनी राखलेल्या नारळाच्या भाटाशेजारच्या डोंगरावर वसाहतीचा रंग बघितला की तो रात्रभर जागा राहतो. जानेवारी २००७ मध्ये प्रतापसिंह राणे सरकारने तो आराखडा मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला.

इतक्या झटपट कसं झालं? एक कारण आंदोलनाची ताकद, पण तेवढंच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये विधानसभेची निवडणूक होती. प्रश्न लोकांना कळलेला, उपाय साधा आणि एका वाक्यात सांगण्यासारखा (आराखडा रद्द करा), आणि सत्ताधाऱ्यांना ऐकणं सोयीचं वाटेल अशी वेळ. या तिन्ही गोष्टी एका वेळी जुळल्या तर दार उघडतं. एरवी दहा-दहा वर्षं तेच निवेदन देत राहावं लागतं. मुरलेला कार्यकर्ता या काळात स्वस्थ बसत नाही. उपाय लिहून, आकडे तपासून, मसुदा तयार करून ठेवतो, कारण दार उघडतं तेव्हा ते थोडाच वेळ उघडं राहतं.

गोव्यात हे दार इतर राज्यांपेक्षा थोडं लवकर उघडतं, त्याचं कारण आकड्यांत आहे. विधानसभेच्या जागा ४०, आणि एका मतदारसंघात सरासरी २८-२९ हजार मतदार. महाराष्ट्रातल्या मित्रांना हा आकडा सांगितला की ते हसतात, त्यांच्याकडे नगरसेवकाच्या प्रभागात याहून जास्त मतं असतात. पण २०२२च्या निवडणुकीत खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत साखळीतून ६६६ मतांनी निवडून आले. असा हिशेब असताना तीनशे माणसांची ग्रामसभा ही आमदाराच्या दृष्टीने क्षुल्लक गोष्ट राहत नाही. सत्तरीत शेळ-मेळावलीला आयआयटी उभारायचं ठरलं होतं. जानेवारी २०२१च्या पहिल्या आठवड्यात तिथे पोलीस आणि गावकरी यांच्यात झटापट झाली आणि १५ जानेवारीला मुख्यमंत्र्यांनी ती जागा सोडल्याचं जाहीर केलं. स्थानिक आमदार स्वतः मंत्री असूनही त्यांनी लोकांची बाजू घेतली होती. शेती आणि काजूच्या बागा कसणाऱ्या, त्यातही पुढे राहिलेल्या बायकांनी हे घडवलं.

राज्य लहान असण्याची दुसरी बाजूही आहे. आमदार घरच्यासारखा असतो, लग्नाला येतो, चतुर्थीला दर्शनाला येतो, त्यामुळे त्याला कागदावर जाब विचारायला लोक संकोचतात. ‘सांगून बघूया त्याला’ यात दोन वर्षं जातात.

आता आराखड्याची पुढची गोष्ट, कारण खरं शिकण्यासारखं तिथे आहे. जुना आराखडा रद्द झाल्यावर नवा करायचा होता. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्यासारख्या तज्ज्ञांना घेऊन कृती दल नेमलं गेलं. नव्या आराखड्याचे नकाशे गावागावांत गेले, पंचायतींनी बसून सूचना लिहिल्या. लोकांनी स्वतःच्या गावाचा नकाशा वाचावा आणि त्यावर मत द्यावं हा प्रयोग या देशात तरी विरळाच. प्रादेशिक आराखडा २०२१ हा २०११ मध्ये अधिसूचित झाला. २०१२ मध्ये सरकार बदललं आणि तो स्थगित ठेवला गेला. नको ते थांबवायला दोन-तीन महिने लागले होते. हवं ते करून घ्यायला पाच वर्षं लागली आणि तरी ते हाती राहिलं नाही.

थांबवणाऱ्या चळवळीला सगळे एकत्र येतात, कारण ‘नको’ यावर एकमत सोपं. ‘मग काय हवं?’ असं विचारलं की एकाला शेत राखायचं असतं, दुसऱ्याला मुलासाठी घर बांधायचं असतं, तिसऱ्याची जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या जुन्या सामायिक संस्थेची असते. गोवा थांबवण्यात पटाईत आहे. पुढच्या कामात आपण अजून कच्चे आहोत, असं माझं मत.

आणि आराखडा असला तरी त्याला खालून भगदाड पाडता येतं. २०१८ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १६ ब आलं, २०२३ मध्ये १७(२), पुढे ३९ अ. तपशील वेगवेगळे, पण सूत्र एकच: अख्खा आराखडा न बदलता एकेका जमिनीचा झोन मालकाच्या अर्जावर बदलायचा. हे सगळं ‘कलम’, ‘उपकलम’ या भाषेत चालतं, त्यामुळे त्याविरुद्ध आझाद मैदान भरत नाही. इथे कायदा वाचणारी माणसं लागतात. पर्यावरणासाठी लढणारं गोवा फाउंडेशन आणि इतर काही संस्था कोर्टात गेल्या. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२) खालचे नियम रद्द केले आणि कलमाचा अर्थ मर्यादित केला. वर थरांचा उल्लेख केला तो यासाठीच: कलम राहिलं, नियम गेले.

माहितीशिवाय यातलं काही होत नाही. देशाचा माहिती अधिकार कायदा २००५चा, पण गोव्याने स्वतःचा कायदा १९९७ मध्येच केला होता. आज दहा रुपयांच्या अर्जावर माहिती मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं; नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पहिलं अपील. सगळे अर्ज करतात, पण अर्ज कसा करायचा हे थोड्यांनाच कळतं. ‘ही परवानगी का दिली?’ असं विचारलं तर उत्तर येत नाही, कारण कायदा कागद द्यायला सांगतो, कारणं सांगायला नाही. ‘अमुक फाईलची टिपणांची पानं, पहिल्यापासून आजच्या तारखेपर्यंत, प्रमाणित प्रतींसह’ असं मागितलं की कारण त्याच पानांवर सापडतं. कुणी कुठल्या तारखेला काय शेरा मारला, कुठल्या कनिष्ठ अधिकाऱ्याने आधी ‘शिफारस करता येत नाही’ असं लिहिलं होतं आणि ते वर जाऊन कसं पुसट झालं, हे सगळं तिथे असतं. जाणते लोक आधी फाईल बघण्याची परवानगी मागतात आणि मग हव्या त्याच पानांच्या प्रती घेतात. पाचशे पानांचे पैसे भरायची गरज उरत नाही.

दुसरी खाण विधानसभेची. तारांकित आणि अतारांकित प्रश्नांची उत्तरं, ज्यांना पर्वरीत, म्हणजे विधानसभेत, सगळे ‘एलएक्यू’ म्हणतात, त्यांच्यासोबत परिशिष्टं जोडलेली असतात. किती झोनबदल, कुठल्या गावात, किती चौरस मीटर. चांगला कार्यकर्ता अधिवेशनाच्या आधी एखाद्या आमदाराला प्रश्न लिहून देतो, मग तो आमदार विरोधातला असो की सत्तेतला. शुक्रवारी खासगी ठराव येतात, त्यातही असंच. श्रेय आमदाराला जाऊ द्यायचं आणि माहिती आपण घ्यायची. ज्यांना दोन्ही हवं असतं त्यांना बहुधा दोन्ही मिळत नाही.

विधानसभेचं दार किती वेगाने बंद होऊ शकतं तेही आपण पाहिलंय. ३० जुलै २०२१ रोजी, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक मंजूर झालं. तीस वर्षं गोव्यात राहणाऱ्याला त्याच्या घराखालची अडीचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन मिळण्याची वाट त्यात होती. गरिबाचं घर कायदेशीर करायचा हेतू आहे असं सरकार म्हणत होतं आणि लोकांनी पकडला एक शब्द: भूमिपुत्र. तीस वर्षं राहिला की भूमिपुत्र? चार दिवसांत मुख्यमंत्र्यांना तो शब्द काढू असं सांगावं लागलं आणि पुढे विधेयकच बासनात गेलं. कायद्याचं नाव कुणी कसं ठेवतं याने किती फरक पडतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. घरांचा मूळ प्रश्न मात्र तेव्हा तिथेच राहिला.

शब्दांवरून भाषेचा मुद्दा आला. गोव्यात राजपत्र, आराखडे, पर्यावरण अहवाल बहुतेक इंग्रजीत येतात. डिचोली, पेडणे, सत्तरी, फोंडा इथला माणूस घरी कोकणी बोलतो आणि वर्तमानपत्र मराठी वाचतो. त्याच्या हाती तीनशे पानी इंग्रजी अहवाल देऊन तीस दिवसांत हरकती नोंदवा म्हणणं ही थट्टाच आहे. २०२०च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या मसुद्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने नेमकं हेच बोट ठेवलं. मसुदा आठव्या परिशिष्टातल्या भाषांत भाषांतरित करा असा आदेश जून २०२०मध्ये दिला आणि हरकतींची मुदतही वाढवली. आमच्याकडे हे काम चळवळीतली माणसंच करतात. अहवालाचा दोन पानांत मराठी-कोकणी गोषवारा करून वाडीवर वाटणारी बाई ही मला भाषण ठोकणाऱ्या पुढाऱ्याइतकीच मोठी नेता वाटते.

जनसुनावणीबद्दल लोकांचे गैरसमज पुष्कळ. २००६च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाआधी सुनावणी होते आणि तिची किमान तीस दिवसांची सूचना द्यावी लागते. लोकांना वाटतं ते मतदान आहे, आपण जास्त संख्येने गेलो की प्रकल्प पडला. तिथे मोजदाद होत नाही. बोललेलं नोंदवलं जातं, आणि प्रकल्पवाल्याला अंतिम अहवालात त्या मुद्द्यांना उत्तर द्यावं लागतं. त्यामुळे शंभर जणांनी ‘आम्हाला नको’ म्हटलं तर तो एकच मुद्दा होतो. एकाने विहिरीचा विषय काढला, दुसऱ्याने झऱ्याचा, तिसऱ्याने ट्रकच्या रस्त्याचा, चौथ्याने अहवालात भलत्याच गावाचं नाव कसं आलं ते दाखवलं, तर चार मुद्दे. आणखी एक: कामकाजाचा गोषवारा शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो. तोवर मंडप रिकामा झालेला असतो. त्या वाचनाला थांबायचं, राहिलेलं लिहून घ्यायला लावायचं आणि मगच घरी जायचं.

मोलेचं आंदोलन मला यासाठी महत्त्वाचं वाटतं की त्यात सगळी हत्यारं एकदम वापरली गेली. रेल्वेचं दुपदरीकरण, तमनार वीजवाहिनी आणि महामार्गाचं रुंदीकरण असे तीन प्रकल्प भगवान महावीर अभयारण्यातून जाणार होते आणि २०२०च्या लॉकडाऊनमध्ये वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने ऑनलाइन बैठकीत त्यांतल्या काहींना वाट मोकळी केली. लोकांना घराबाहेर पडता येत नव्हतं. तरुण मुलांनी चित्रं काढली, शास्त्रज्ञांनी पत्रं लिहिली, नोव्हेंबरच्या पहिल्या रात्री चांदरला हजारो माणसं मेणबत्त्या घेऊन रुळांवर बसली. पण सर्वोच्च न्यायालयापुढे निर्णायक ठरला तो न्यायालयानेच नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीचा एप्रिल २०२१चा अहवाल. जंगल सुंदर आहे एवढ्यावर तो थांबला नाही. दुपदरीकरणाने या घाटातल्या मार्गाची क्षमता किरकोळच वाढेल, मग एवढं जंगल कशासाठी, असा हिशेब त्याने मांडला. ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने दुपदरीकरणाची ती मान्यता रद्द केली. ‘विकास हवा की झाडं?’ या सापळ्यात न अडकता ‘हा विकास तरी होतो का?’ असं विचारलं की समोरच्याची पंचाईत होते.

कोर्टाचा रस्ता मात्र दुधारी आहे, आणि खाणींच्या प्रकरणाइतका दुधारी कुठेच नाही. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. फाउंडेशनचे क्लॉड आल्वारिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामाचा गाभा भावनेचा नव्हता, तारखांचा होता. २१ एप्रिल २०१४च्या निकालाने ठरवलं की सगळे खाणपट्टे २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपले होते, म्हणजे त्यानंतरचं सगळं खाणकाम बेकायदा. वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा आली, विक्रीतल्या १० टक्क्यांचा कायमस्वरूपी निधी आला. हे सगळं धोरणच, फक्त विधानसभेऐवजी न्यायालयाने लिहिलेलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा थांबल्या.

त्या दिवसांत उसगाव, साखळी, कुडचडे इथे ट्रक रांगेने उभे होते. बँकेचा हप्ता थांबत नाही. खाणअवलंबितांनीही मार्चमध्ये पणजीत वाहतूक रोखली, दिल्लीला शिष्टमंडळं नेली, कायदादुरुस्तीची मागणी केली. तीही धोरण बदलायचा प्रयत्न करणारी चळवळच होती, आणि तिच्या रागाला खोटं म्हणता येणार नाही. कधी काळी शेतात खाणीचा गाळ आल्याने रडलेला शेतकरी आणि हप्ता थकलेला ट्रकवाला अनेकदा एकाच घरातले दोन भाऊ होते. कोर्टाचा निकाल जिंकणाऱ्याने दुसऱ्या भावासाठी काय सुचवलं होतं, हा प्रश्न मी चळवळीतल्या मित्रांना विचारतो तेव्हा ते माझ्यावर चिडतात. २०२२ पासून पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आहेत, आणि ज्या गावांच्या डोक्यावर हे पट्टे आहेत तिथे पुन्हा सुनावण्या, पुन्हा हरकती.

एकदा जिंकलं की प्रश्न मिटला असं होत नाही, याचा साक्षीदार फोंड्याजवळच्या केरीचं भूतखांब पठार आहे. १९९०च्या दशकात तिथे नायलॉन ६,६चा कारखाना येणार होता. लोकांनी विरोध केला, जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला, आणि कंपनीने गोवा सोडला. दहा-बारा वर्षांनी त्याच पठारावर विशेष आर्थिक क्षेत्र मंजूर झालं. पुन्हा तीच माणसं, केस पिकलेली. ३१ डिसेंबर २००७ रोजी दिगंबर कामत सरकारने विशेष आर्थिक क्षेत्रं रद्द करण्याचं जाहीर केलं. पठार एकच, लढा दोनदा. ज्यांनी पहिल्या लढ्याची कागदपत्रं कपाटात नीट लावून ठेवली होती त्यांना दुसऱ्या वेळी शून्यातून सुरुवात करावी लागली नाही.

कायदा मिळाला आणि अंमलबजावणी नाही, हे दुखणं रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना विचारा. ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊन मासळी ओरबाडू लागले तेव्हा १९७०च्या दशकात मथानी साल्ढाणा आणि इतरांच्या नेतृत्वाखाली पारंपरिक मच्छीमार रस्त्यावर उतरले. १९८०चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला, किनाऱ्यापासून पाच किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखीव झाला. कागदावर विजय पूर्ण. पण समुद्रात पाच किलोमीटरची रेघ कुणी मारलेली नसते. गस्तीची बोट, डिझेल आणि इच्छा या तिन्ही गोष्टी एकाच रात्री हजर असाव्या लागतात. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली, आणि त्या दिव्यांबद्दलच्या तक्रारी दर हंगामात येतातच.

आणि हरलेली चळवळ? ती आपल्या मराठीवाल्यांच्या अगदी जवळची. २०११ मध्ये सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान दिलं. त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला, माजी मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या नेतृत्वाखाली. मराठी आणि कोकणी कार्यकर्ते एका व्यासपीठावर, जे गोव्यात ग्रहणासारखं क्वचित दिसतं. २०१२ मध्ये ज्यांच्याकडून अपेक्षा होती ते भाजपवाले सत्तेत आले आणि अनुदान तसंच राहिलं. पुढे मंचातल्या लोकांनी वेगळा पक्ष काढला, तोही चालला नाही. विश्वासघात झाला असं आमच्यातले बरेच जण अजून म्हणतात. मला वाटतं त्यात थोडं तथ्य आहे, पण सगळं नाही. आम्ही सरकारशी भांडत होतो आणि आमच्याच घरातल्या आया मुलाचं नाव इंग्रजी शाळेत घालत होत्या. त्यांना काय हवंय, का हवंय, मराठी शाळेत इंग्रजी चांगलं शिकवलं तर चालेल का, हे विचारायला आम्ही वाडीवर गेलो नाही. गोवा बचाववाले नकाशा घेऊन घरोघरी गेले होते, आम्ही पत्रकं घेऊन पत्रकार परिषदेला गेलो.

आमच्या डोंगराचं विचाराल तर पंधरवड्याने नगरनियोजन खात्याचे दोन जण आले, फोटो काढले, पंचनामा केला. काम थांबवण्याची नोटीस लागली. जेसीबी गेला, कापलेली लाल माती तशीच उघडी राहिली आणि जूनमध्ये ती खालच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) उतरली. नोटिशीत झालेल्या नुकसानीबद्दल एक अक्षर नव्हतं. पुढच्या ग्रामसभेत सर पुन्हा उभे राहिले. या वेळी हातात कुळागराचे फोटो होते, मागे तारखा लिहिलेले, आणि पहिल्या ठरावाची पोचपावती, आवक क्रमांकासकट.

‘‘सेक्रेटरीबाब, लिहून घ्या. मागील ठरावाच्या अनुषंगाने…’’